ओढ्याची मोजमाप पुस्तिका

(डहाणू-तलासरी परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने बोर्डीकडे निघाले की आधी आगर लागते, मग नरपड, चिखले, घोलवड. कोकणात ‘आगर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. नारळी-पोफळीची बागाईत तेही आगर, आणि मीठ पिकवण्यासाठी बांध घालून तयार केलेली जमीन तेही आगर. एकाला गोडे पाणी हवे, दुसऱ्याला खारे. किनाऱ्यालगत ही दोन्ही पाणी हाताच्या अंतरावर असतात, म्हणून एका शब्दात दोन्ही अर्थ नांदू शकले. त्यांच्यामधली सीमा ना तलाठ्याच्या नकाशावर असते, ना विकास आराखड्यावर. डोंगराकडून येणारा ओढा किती पाणी आणतो, त्याचा तळ भरतीच्या रेषेच्या वर आहे की खाली, त्याच्या मुखाशी गाळ किती साचला आहे, यांवर ती ठरते. ओढ्याचा आकार बदलला की सीमा सरकते आणि वाडीतल्या विहिरीचे पाणी मचूळ होते. ओढ्याच्या आकाराचा प्रश्न हा भूगोलाच्या प्राध्यापकांचा खाजगी छंद नव्हे, तो पोटापाण्याचा प्रश्न आहे, एवढे या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात ‘नदी पुनरुज्जीवन’ हा शब्द फार लोकप्रिय झाला आहे. शब्द चांगला आहे. परंतु गावपातळीवर त्याचा अर्थ काय होतो? एप्रिल-मे महिन्यांत एक पोकलेन येते, ओढ्याच्या पात्रात उतरते, वाटेतील खडक, बेटे, झाडेझुडपे बाजूला सारते, तळ दोन-तीन मीटर खाली नेते, काठ उभे कापते आणि निघालेला मुरूम दोन्ही बाजूंना ढिगाने टाकून निघून जाते. नंतर मोजमाप पुस्तिकेत नोंद होते: लांबी इतकी, रुंदी इतकी, खोली इतकी, गुणाकार इतके घनमीटर. या गुणाकारावर बिल निघते. येथे मोजली गेली ती खोदलेली पोकळी. ज्याचे पुनरुज्जीवन करायचे म्हणून हा खटाटोप झाला, त्या ओढ्याची एकही नोंद पुस्तिकेत नसते. तो पूर्वी किती रुंद होता, कोठे उथळ व कोठे खोल होता, त्याच्या तळाशी केवढे दगड होते, हे कोणी विचारीत नाही. खोदण्याचा दर ठरलेला असतो. न खोदण्याने जे वाचते त्याला दर नाही. सार्वजनिक खर्चाच्या व्यवहारात ज्याला दर नाही ते अस्तित्वातच नाही असे धरले जाते, हा अर्थशास्त्राचा जुना रोग आहे आणि ओढ्याच्या बाबतीत तो फार स्पष्ट दिसतो.

वस्तुतः ओढा आपला आकार स्वतः घडवीत असतो. चार गोष्टी त्यात सामील असतात: वरून येणारे पाणी, त्याबरोबर येणारा गाळ व दगडगोटे, जमिनीचा उतार, आणि काठावरील झाडांची मुळे. पाणी वाढले व गाळ तेवढाच राहिला तर ओढा तळ खरवडू लागतो. गाळ वाढला व पाणी तेवढेच राहिले तर तळ भरून येतो. अमेरिकी अभियंते लेन यांनी १९५५ साली हे नाते मांडले होते; ते तराजूच्या रूपात दाखवले जाते. एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्यात गाळ आणि गाळाच्या कणांचा आकार. एक पारडे हलले की दुसरे हलल्यावाचून राहत नाही. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. ज्याने भातखाचराचा बांध फुटलेला पाहिला आहे त्याला पाणी, माती आणि उतार यांचा हिशेब ठाऊक असतो.

या शास्त्रात लिओपोल्ड, वोल्मन व मिलर यांचा १९६४चा ग्रंथ पायाभूत मानला जातो. त्यांच्या मांडणीचा एक महत्त्वाचा भाग असा की, ओढ्याचा आकार रोजच्या पाण्याने ठरत नाही आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुरानेही मुख्यतः ठरत नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी येणारा, काठोकाठ भरून वाहणारा पूर सर्वांत जास्त घडवणूक करतो, कारण तो पुरेसा मोठाही असतो आणि वारंवारही येतो. मात्र हा सिद्धांत तिकडच्या नद्यांच्या मोजणीतून निघाला आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेस वर्षाचे जवळजवळ सगळे पाणी चार महिन्यांत कोसळते. डहाणूच्या पट्ट्यात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते. पुण्याच्या विश्वास काळे यांनी नर्मदा, तापी यांसारख्या नद्यांवर केलेल्या संशोधनातून असे दिसले की, कातळातून वाहणाऱ्या मोसमी नद्यांत क्वचित येणारे प्रचंड पूरही पात्राच्या घडणीत फार मोठे काम करतात. तेव्हा परदेशातील पुस्तकातले सूत्र उचलून येथे लावणे धोक्याचे आहे. तिकडे नदीत खोल डोह आणि उथळ धार यांचे आवर्तन पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर होते असे सांगतात. डहाणू-पालघर भागात काळ्या कातळातून उत्तर-दक्षिण दिशेने कठीण खडकाच्या भिंती गेलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. पश्चिमेकडे उतरणारा ओढा अशी भिंत आडवी ओलांडतो तेव्हा तिच्यामागे पाणी तुंबते व पुढे ते कोसळून खळगा पडतो. हा निसर्गाने फुकट बांधून दिलेला बंधारा आहे. त्याचे अंतर कोणत्याही सूत्रात बसणार नाही, ते जाऊन पाहावे लागेल. आणि ‘प्रवाहातील अडथळा’ म्हणून यंत्राने फोडला जाण्याची सर्वांत मोठी भीती यालाच असते.

सलग, सरळ, एकसारख्या खोलीचा ओढा यंत्रचालकाला सुंदर दिसतो. त्याच्या दृष्टीने वळण म्हणजे वाया गेलेली लांबी. वळण कापले की तेवढाच उतार कमी अंतरात उतरतो, म्हणजे उतार तीव्र होतो; तीव्र उताराचे पाणी वेगाने धावते आणि तळ खरवडते. जेथे खोदाई थांबली तेथे एक पायरी तयार होते. पुढच्या पावसाळ्यात ही पायरी झिजत झिजत वरच्या अंगाला सरकते. खोदले एका गावात आणि काठ ढासळले वरच्या पाड्यात, असे घडते ते यामुळे. शुम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेतील सरळ केलेल्या ओढ्यांचा अभ्यास करून हा क्रम मांडला: प्रथम तळ खचतो, मग उभे काठ कोसळून पात्र रुंद होते, मग कोसळलेली माती तळाशी साचते, आणि कित्येक वर्षांनी जुन्या पात्राच्या बऱ्याच खाली नवा, लहानसा ओढा स्थिरावतो. मधल्या काळात जी माती गेली ती कोणाची होती? ओढ्याकाठच्या पट्टीत भाजीपाला किंवा वाल-हरभरा घेणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया कुटुंबाची. सरकारी नुकसानभरपाईत ओढ्याने खाल्लेली जमीन सहजासहजी बसत नाही, कारण दोष निसर्गाचा धरला जातो.

यापेक्षाही मोठी हानी डोळ्यांना दिसत नाही. काठाच्या जमिनीत मुरलेले पाणी पावसाळा संपल्यावर हळूहळू पाझरून ओढ्यात उतरते. तळ जेवढा खाली, तेवढे हे पाणी लवकर निथळून जाते. दिवाळीनंतरही ओलावा धरून राहणारी पट्टी आधीच कोरडी पडते. बायका ओढ्याच्या रेतीत खड्डा करून, हात-दोन हात खाली लागणारे गाळलेले पाणी हंड्यात भरतात. हा झिरा म्हणजे त्या पाड्याची पाणीपुरवठा योजना असते. रेती उपसली की झिरा संपतो. मग टँकरचा प्रस्ताव जातो. पहिल्या पावसात खाडीकडून वर चढणारे वलगणीचे मासे हे गरिबाच्या घरातले वर्षाचे पहिले ताजे कालवण; उभ्या काँक्रीटच्या भिंतीवर ते चढू शकत नाहीत. खडकाच्या पायऱ्यांवरून ते पिढ्यान्‌पिढ्या चढत आले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढल्या तर त्यांना थोडी वाट मिळते, परंतु फळ्या वेळेवर बसवणे आणि वेळेवर काढणे या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात दुर्मिळ आहेत. कित्येकदा फळ्याच चोरीस गेलेल्या असतात, तेवढा माशांचा फायदा!

ओढे खोल व रुंद करण्याची कल्पना प्रतिष्ठित झाली ती धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या कामांमुळे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तेथे नाले खोल करून सिमेंटचे बंधारे बांधले. त्या प्रयोगाची टवाळी करण्याचे कारण नाही. तापीच्या खोऱ्यात गाळाच्या मातीचे जाड थर आहेत, आणि त्या थरांत पाणी मुरवण्याचा विचार तेथील जमिनीला धरून होता. प्रश्न उभा राहिला तो एका खोऱ्याचा उपाय सबंध राज्याचा नमुना झाला तेव्हा. डिसेंबर २०१४मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात दरवर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात खोलीकरणाला जो वेग आला तो माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या मातीच्या कामांना आला नाही. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या कामांच्या अशास्त्रीयतेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे २०२० साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सांगितले की ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही.  पण कोकणाच्या बाबतीत शंका अधिक गडद असायला हवी, कारण येथे मातीचा थर पातळ आणि खाली कातळ. कातळात खोदून केलेला चर पाणी मुरवीत नाही, समुद्राकडे लवकर पोचवतो. आणि खाडीजवळ तो उलट दिशेनेही काम करतो. उधाणाच्या भरतीला या किनाऱ्यावर पाणी चार मीटरहून अधिक चढते. तळ खाली नेलेल्या ओढ्यातून ते आत शिरायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बागा याच पट्ट्यात आहेत. अर्थात चिकूची वाडी कोणाची आणि तीत मजुरी कोण करतो, हा निराळा विषय आहे. परंतु विहीर खारट झाली तर आधी रोजगार जातो तो मजुराचा.

ओढ्यांचे सोडून मोठ्या नदीकडे पाहावे. सूर्या नदीवर धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा झाला तो डहाणू, पालघर, विक्रमगड या भागातील १४,६९६ हेक्टर जमीन भिजावी म्हणून. त्यानंतर याच पाण्यावर वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या शहरांचा हक्क वाढत गेला. महानगर प्रदेशाच्या योजनेत दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांकडे जाणार असे ठरले. शहरातील कष्टकऱ्यालाही पाणी हवे, त्याच्याशी आदिवासी शेतकऱ्याचे भांडण लावून देण्यात अर्थ नाही. पण या वादात नदीच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. धरण पाणी अडवते तसा गाळही अडवते. गाळ मागे ठेवून सुटलेले पाणी रिकाम्या पोटी धावते आणि वाटेत मिळेल ते, म्हणजे तळ आणि काठ, खाते. त्याच खोऱ्यात खाली, वैतरणेच्या खाडीत, रेतीउपसा इतका वाढला की पश्चिम रेल्वेच्या पुलांच्या सुरक्षेचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे न्यावा लागला. वरून रेती येणे कमी झाले आणि खालून काढणे वाढले. कोणत्याही बँकेच्या खात्याचे याने जे होईल तेच नदीचे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांपेक्षा लहान रेती-दगडाच्या पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. कागदावर ते उत्तम आहे. रात्रीच्या डंपरला मात्र कागद वाचता येत नाही.

डहाणू-तलासरीची आणखी एक अडचण आहे. येथे पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि पैसा दक्षिणेकडून उत्तरेकडे. १८६०च्या दशकात रेल्वे आली. तिचा भराव ओढ्यांना आडवा पडला. मग मुंबई-अहमदाबाद महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन. प्रत्येकाने प्रत्येक ओढा एकदा ओलांडायचा, आणि प्रत्येक ठिकाणी ओढ्याला मोरीत कोंबायचे. मोरीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून भातखाचरे बुडतात, खालच्या अंगाला धार एकवटून तळ खणला जातो. एकेका मोरीचे गणित अभियंता करतो. एकाच ओढ्यावरील सगळ्या मोऱ्यांचे मिळून गणित करण्याची जबाबदारी कोणत्याही खात्याकडे नाही. तलासरीतून जाणारी वरोली तर राज्याची सीमाही ओलांडते. तिच्यावर कुर्झे येथे धरण महाराष्ट्रात आणि मुख गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात. १९६०च्या वाटणीत माणसे आणि गावे वाटली गेली, नदीला कोणी विचारले नाही.

एकदा बिघडवलेली नदी दुरुस्त करणे किती महाग पडते, याचे धडधडीत उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आहे. किसिमी नावाची १६६ किलोमीटर लांबीची वळणावळणाची नदी १९६२ ते १९७१ या काळात पूरनियंत्रणासाठी सरळ करून ९० किलोमीटरचा कालवा केला गेला. पाणथळी आटल्या, पक्षी व मासे गेले. मग १९९९पासून तोच कालवा भरून जुनी वळणे मोकळी करण्याचे काम सुरू झाले आणि ते २०२१ साली पुरे झाले. सुमारे ७० किलोमीटर प्रवाह परत मिळवायला जवळजवळ शंभर कोटी डॉलर लागले. श्रीमंत देशाला ही चैन परवडली. तलासरीच्या ओढ्याला दुसरी संधी कोण देणार?

येथील चळवळीचा इतिहास जमिनीचा आहे. १९४५ साली झरी येथून वारल्यांनी वेठीविरुद्ध जो एल्गार पुकारला, गोदावरी व शामराव परुळेकर ज्यात उभे राहिले, त्याच्या केंद्रस्थानी श्रम आणि जमीन होती, आणि तसेच असायला हवे होते. पुढच्या वनहक्काच्या दाव्यांतही ओढा येतो तो चतुःसीमेपुरता: ‘पूर्वेस ओढा’. समाजवादी चळवळीत डॉ. लोहियांनी १९५८ साली बनारसच्या भाषणात नद्यांच्या स्वच्छतेचा प्रश्न राजकारणात आणला खरा, परंतु नद्यांच्या देहाचा प्रश्न त्यांच्याही पुढे अद्याप आलेला नव्हता. डहाणूला तर १९९१ साली केंद्र शासनाच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुका म्हणून दर्जा मिळाला; सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निर्णयानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले व अनेक वर्षे त्याने तालुक्याचे रक्षण केले. १९९८ साली त्याने वाढवणचे बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने, नव्या रचनेत, ३१ जुलै २०२३ रोजी त्या बंदराला संमती दिली. या सगळ्या झगड्यात चर्चा झाली ती धुराड्याची, बंदराची, कारखान्यांच्या ५०० एकरांच्या मर्यादेची. ओढे क्वचितच चर्चेत आले. हा दोष प्राधिकरणाचा नव्हे. ओढ्यांच्या बाजूने मांडायला कोणाजवळ आकडेच नव्हते.

हे आकडे ग्रामसभेला स्वतः गोळा करता येतात. कायदा तिच्या बाजूचा आहे. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६चा पेसा कायदा लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतीकडे सोपवतो आणि रेती-दगडाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची करतो. २००६च्या वनहक्क कायद्याने पाण्यातील मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. परंतु ‘आमचा ओढा खणू नका’ एवढे सांगणारा ठराव आणि ‘आमच्या ओढ्याची रुंदी अमुक ठिकाणी इतकी, खोली इतकी, आणि गेल्या तीन वर्षांत तळ इतका खचला’ असे सांगणारा ठराव यांत फरक आहे. पहिल्याला अधिकारी भावना म्हणतात. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

साधने साधी आहेत. एक दोरी, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली. एक उभी काठी, सेंटिमीटरच्या खुणा केलेली. गवंडी पातळी काढायला वापरतो ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. ओढ्याच्या दोन्ही काठांवर पक्क्या खुणा कराव्यात, शक्यतो कातळावर किंवा पुरून बसवलेल्या दगडावर, झाडावर नव्हे. दोरी एका खुणेपासून दुसरीपर्यंत ताणून नळीने समपातळीत आणावी, आणि प्रत्येक गाठीपासून तळापर्यंतचे अंतर लिहून घ्यावे. हा झाला ओढ्याचा आडवा छेद. एकाच जागी घेऊन भागत नाही. डोहात एक, उथळ धारेत एक, वळणावर एक, मोरीच्या वर आणि खाली एकेक. काठोकाठ पाणी कोठवर येते हे ओळखण्याच्या खुणा वयस्क माणसांना ठाऊक असतात: दगडगोटे संपून माती कोठे सुरू होते, करंज आणि उंबर कोणत्या रेषेच्या वरच उगवतात. मोठ्या पुराची रेषा फांद्यांना अडकलेल्या गवतावरून आणि हल्ली प्लॅस्टिकवरून कळते. तळाच्या दगडांसाठी वोल्मन यांची १९५४ची पद्धत आश्रमशाळेतील मुलेही करू शकतील. एका काठाकडून दुसऱ्याकडे चालत जायचे, प्रत्येक पावलाला न पाहता बोटाला लागेल तो दगड उचलायचा, त्याची मधली जाडी मोजून लिहायची, असे शंभर दगड. वरच्या गावात दगड मोठे आणि खाडीकडे बारीक मिळायला हवेत. मध्येच एखाद्या ठिकाणी एकदम नुसता कातळ लागला, तर तेथून कोणीतरी रेती नेली आहे किंवा वरून ती यायची थांबली आहे.

रोजगार हमीच्या चळवळीतून मोठ्या झालेल्या कार्यकर्त्यांना मोजमापाचे भय वाटण्याचे कारण नाही. १९७२च्या दुष्काळात खडीच्या ढिगावर बसून मजुरांच्या वतीने चौकड्यांची मोजणी तपासणारी माणसे याच महाराष्ट्रातली होती. तेव्हा हिशेब मजुरीचा होता. आता तो ओढ्याचा आहे, आणि दुरुस्तीची वेळ आली तर तेही काम हाताचे आहे: माथ्यावर समतल चर, घळीत दगडांचे लहान बांध, ढासळत्या काठावर बांबू, निगडी आणि करंज, तोडलेले वळण पुन्हा मोकळे करणे. यंत्राला त्यात फारसे काम नाही, मजुराला पुष्कळ आहे. आडव्या छेदांच्या नोंदी आधी असतील तरच कोठे काय करायचे ते कळेल, आणि केले ते लागू पडले की नाही हेही पुढच्या वर्षी तपासता येईल.

मोजणी वर्षातून दोनदा करावी: एकदा मेअखेर, पहिल्या पावसाआधी, आणि एकदा दिवाळीनंतर पाणी ओसरल्यावर, त्याच खुणांवर, शक्य तर त्याच माणसांनी. वही दोन प्रतींत ठेवावी. एक ग्रामसभेच्या दप्तरात, सह्यांनिशी, आणि दुसरी पाड्यातील एखाद्या बाईच्या घरी. ओढ्यावर पाण्याला रोज तीच जाते, खूण उखडली गेली तर ते आधी तिलाच कळेल.